तोंड वर केलं म्हणजे भूक नव्हे

आक्का, परवा तुझं बारावं आटोपून शाळेत गेलो आणि पहिल्याच तासाला सातवीचा नेमका तोच धडा निघाला. सजीव अन्न कसं घेतात आणि कसं पचवतात. तेवीस वर्षं शिकवतोय, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, अशा तोऱ्यात वर्गात गेलो. फळ्यावर 'अन्नग्रहण' एवढा एक शब्द लिहिला आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. पोरं कुजबुजायला लागली. शेवटी पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, सर, बरं वाटत नाही काय? मी म्हणालो, बरं आहे, पुस्तक उघडा आणि मनात वाचा. 'मनात वाचा' म्हणणाऱ्या मास्तरांना मी आजवर कामचुकार म्हणत आलोय, तुला ठाऊक आहे. परवा मी त्यांच्यातलाच झालो.

म्हणून हे तुला लिहितोय. वर्गात सांगता आलं नाही, घरात तुझ्या भावजयीला, सुमनला सांगता येत नाही, कारण तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्यापुढे तरी लपवालपवी कशाला करू? तू तर सगळं भोगून गेलीस.

मुळात हा धडा माझा नव्हेच. लोकांना वाटतं, दिनकर मास्तर कॉलेजात जीवशास्त्र शिकला. मी ते शिकलो आपल्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या मागच्या मोरीत. आई अंथरुणाला खिळलेली, मी सहा वर्षांचा, तू पंधराची. पाहुणे येणार म्हणून तू कोंबडी साफ करत होतीस आणि मी नाक दाबून शेजारी उभा होतो. तिच्या पोटातली एक जाड पिशवी तू विळीवर चिरलीस. आत अर्धवट भरडलेली ज्वारी आणि बारीक बारीक खडे. मी विचारलं, ही खडे कशाला खाते, येडी हाय काय? तू मान वर न करता म्हणालीस, दात न्हाईत न्हवं तिला, मग दळायला जातं नको? ते खडे मी धुऊन काडेपेटीत भरून दप्तरातून शाळेत नेले होते. पुढं अन्ननलिका, जठर, आतडं, सगळी नावं पाठ केली, पण ते खडे बघून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच पुस्तकानं कळलं नाही.

आणि त्याच दिवसांत तू मला जेवू घालायचीस. भाकरी कुस्करून, वर कालवण, त्यावर तुझा तो मिरचीचा खर्डा नखाएवढा. 'आणि एक घास, आणि एक' करत ताट पुसून घ्यायचीस. मी ढेकर देऊन खेळायला पळायचो. तू जेवलीस का, असं मी तुला त्या वयात एकदा तरी विचारलं असेल का, हे मी गेले वीस दिवस आठवतोय. नाही आठवत. विचारलंच नसणार.

मग तुझं लग्न झालं, गडहिंग्लजच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या अंगाला. दाजी लवकर गेले. तुझा महेश तेव्हा शाळेत होता. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली तरी तू एकरभर तुती लावलीस, शेड उभी केलीस आणि रेशमाच्या अळ्या पाळायला लागलीस. मी सुट्टीत यायचो आणि माझं ज्ञान पाजळायचो. एकदा जेवताना मी तुला सांगितलं, माशीला चावता येत नाही, ती अन्नावर आधी थुंकते, ते विरघळलं की सोंडेनं ओढून घेते. तू हातातला घास ताटात ठेवलास. म्हणालीस, मास्तरा, ह्ये जेवून झाल्यावर सांगाय येत न्हवतं व्हय? महेश हसून हसून लोळला. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायकांना तूच मोठ्या थाटात सांगत होतीस, माशी आधी थुंकती बरं का, माझा भाऊ शिकलाय.

'माझा भाऊ शिकलाय.' आक्का, त्या शब्दांनीच घात केला बघ.

ती मे महिन्यातली गोष्ट तुला आठवत असेल. तुझ्या नणंदेच्या घरी लग्न होतं. एक दिवसासाठी तू मला शेडवर ठेवून गेलीस. मी मास्तर, त्यात सायन्सचा, अळ्यांना पाला टाकायला काय अक्कल लागते? तू जाताना सांगितलंस, आज त्या कात टाकायला बसल्यात, अजिबात काय घालू नगंस, नुसतं बघ. मी हो हो म्हणालो. दुपारी आत गेलो तर सगळ्या अळ्या निपचित. एरवी कराकरा पाला खाणाऱ्या हजारो अळ्या माना वर करून तशाच थांबलेल्या, हलत नाहीत की डुलत नाहीत. वाटलं, भुकेनं तोंड वर करून बसल्यात बिचाऱ्या, आक्काला काय कळतंय, पुस्तकात लिहिलंय वाढीच्या वयात अन्न कमी पडू देऊ नये. तुती कापून आणली, ऊन लागलं होतं म्हणून वर पाणी शिंपडलं आणि रॅकभर ओला पाला पसरला. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

तू आलीस, दारातच थबकलीस. ओल्या पाल्यानं शेड दमट झाली होती. कितीतरी अळ्या कातेतच अडकून मेल्या. ज्या लवकर जाग्या झाल्या त्या खाऊन पुढं गेल्या, बाकीच्या मागं राहिल्या, सगळी बॅच लहान-मोठी झाली. तुझी पंधरा दिवसांची राबणूक मातीत. मला वाटलं तू मला बदडशील. तू पाला उचलायला लागलीस, एकेक फांदी हळू, अंगाला धक्का न लावता. मी पण लागलो. शेवटची फांदी उचलताना तू म्हणालीस, "तोंड वर केलं म्हंजे भूक न्हवं, दिना. थांब म्हणायल्यात त्या."

पुढं मी हे वर्गात सांगायला लागलो. दरवर्षी. अळी चार वेळा खाणं थांबवते, आणि शेवटी एकदा कायमची थांबवते, पोट रिकामं करते, अंग पारदर्शक होतं आणि मग कोष विणते. आतून जी पतंगासारखी पाकोळी निघते तिला खाताच येत नाही, तोंड असून नसल्यासारखं. आधी खाल्लेल्यावरच तिचं उरलेलं आयुष्य निघतं. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. माझ्या शिकवण्यातला सगळ्यात चांगला तास तो, आणि तो तुझ्याकडून उसना घेतलेला.

आपलं एक भांडण तेवढं राहिलंच. तुला आजाराचं पहिलं औषध लागू पडलं होतं, जरा जेवायला लागली होतीस, तेव्हा मी तुला शाहूवाडीकडच्या सड्यावर नेलं होतं. त्या कातळावरची ती बोटभर लालसर झुडपं दाखवायला, ज्यांच्या पानांवर चिकट थेंब असतात. तू गुडघ्यावर बसलीस. एक चिलट पानाला चिकटलं होतं आणि पान हळूहळू वळत होतं. 'ह्ये बी खातंय व्हय?' म्हणत तू कितीतरी वेळ बघत बसलीस. मी म्हणालो, बघ, सगळी दुनिया खाण्यावर चालते. तू म्हणालीस, खाणारं खातंय, पण दुसऱ्याला बळं खायला कोण लावतंय? माणूस सोडून एक दाखीव. मी म्हणालो, चिमणी. पिलाच्या चोचीत चारा कोंबते की. तू लगेच म्हणालीस, चोच उघडली तरच. मी म्हैस काढली, धान्य जास्त खाऊन पोट फुगून मरते म्हणून. तू म्हणालीस, धान्य कुणी घातलं? माणसानंच न्हवं? येताना एसटीत मी म्हणालो, थांब, शोधून सांगतो तुला. तू हसलीस आणि खिडकीला डोकं टेकून झोपलीस. मी अजून शोधलेलं नाही आणि आता शोधणारही नाही. तू बरोबर होतीस.

मग तो आजार परत उलटला. अन्ननलिकेचाच कॅन्सर. मी शिकवतो ना, अन्ननलिका ही स्नायूंची नळी असून ती लाटेसारख्या हालचालीनं घास पुढं ढकलते. तुझी ढकलायची बंद झाली. मी तुला इकडं कोल्हापुरात आणलं. तू नको म्हणत होतीस, महेशची बॅच चालू आहे, त्याला कोण भाकरी घालेल म्हणत होतीस. मीच ऐकलं नाही. आपल्या घरच्याच खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी तुझी कॉट टाकली. महेशला तूच दम दिलास, शेड सोडून यायचं न्हाय. तो दिवसाआड गाडी मारत यायचा, तासभर बसून परत जायचा.

पहिले काही दिवस तू चमचाभर पेज घ्यायचीस. मग अर्धा चमचा. मग तोंड फिरवायला लागलीस. मी पण हट्टाला पेटलो. आपल्या कोल्हापुरात पाहुण्याला नको म्हणायची सोय नाही, वाढप्याचा हात धरला तरी तो दुसऱ्या हातानं वाढतो, आणि मी तर त्याच मातीतला. आक्का, एवढंच, माझ्यासाठी, एक घास, आणि एक. तुझेच शब्द तुझ्यावर चालवले. तू घ्यायचीस आणि ठसका लागून तुझे डोळे पांढरे व्हायचे. सुमन म्हणायची, अहो सोडा की. मी तिच्यावर खेकसायचो.

डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन नीट समजावलं होतं. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण मी सगळ्यांना वेगळं सांगितलंय. सगळ्यांना मी म्हणालो, डॉक्टरांनीच नळी घालायला सांगितली. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, त्यांचं शरीर आता अन्न मागत नाहीये, ओठ ओले ठेवा, दुखायचं औषध चालू ठेवा, जवळ बसा. नाकातून नळी घालता येईल, पण त्यानं त्यांना सुख होणार नाही, उलट त्रासच होईल. मी त्यांच्यावर ओरडलो. सायन्स शिकवतो मी, म्हणालो, मला शिकवू नका, उपाशी मारू काय बहिणीला?

खरं कारण वेगळंच होतं. आदल्या दिवशी तुझ्या सासरकडची पावणं आली होती. तुला बघून बाहेर पडताना जिन्यात एक बाई दुसरीला म्हणाली, "भावाच्या घरात उपाशी मरायली की गं." मी वर दारात उभा होतो. तेवढ्या एका वाक्यानं माझी तेवीस वर्षांची मास्तरकी गेली उडत. मला तुझं तोंड दिसेना, लोकांची दिसायला लागली. तुझ्यासाठी नाही आक्का, माझ्या नावासाठी ती नळी घातली. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मुमताज सिस्टर घरी यायच्या, त्यांनी सगळं दाखवलं. कॉटचं डोकं उंच करायचं, पेज फडक्यानं गाळायची, मोठ्या सिरिंजमध्ये भरायची, हळू सोडायची, वरून पाणी. मी शिकलो लगेच, शिकण्यात कधी मागं नव्हतो. भिंतीवर मोठा तक्ता लावला, सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, सात. दिल्याबरोबर टिक. आलेल्या माणसाची नजर त्या तक्त्यावर जाईल अशा बेतानं लावला होता. माणसं बघायची आणि म्हणायची, मास्तर, काय सेवा करताय. मी मान खाली घालायचो, पण आतून सुखावायचो.

दुसऱ्याच दिवशी तू नळी ओढून काढलीस. परत घातली, तेव्हा तुझ्या नाकातून रक्त आलं. मग मी तुझा उजवा हात कॉटच्या दांडीला बांधला. सुमनला म्हणालो, धर जरा. ती म्हणाली, मी न्हाय धरणार, तुमचं तुम्ही करा, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. मी एकट्यानं बांधला. मऊ पंचा घेतला होता, वळ उठू नये म्हणून. ज्या हातानं तू मला कुस्करून भरवलंस तो हात मी बांधला आणि वर स्वतःला समजावलं की पंचा मऊ आहे.

मुमताज सिस्टरनी एकदा तुझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, सर, पोट तटतटलंय, ही वेळ सोडा, पचवायची ताकद राहिली नाही. मी सोडली नाही. टिक कशी चुकवायची?

आणि मग चौथा दिवस. सकाळचं नऊचं देऊन मी सिरिंज धूत होतो. तू बोलावलंस. आवाज कसला, नुसता वारा. मी कान तुझ्या तोंडाशी आणला. तू म्हणालीस, "दिना, आता पाला टाकू नगंस."

मला कळलं, आक्का. त्याच क्षणी कळलं. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, फक्त मला कळेल अशाच शब्दांत तू सांगितलंस. ती शेड, तो ओला पाला, एकेक फांदी उचलणारी तू, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी काय केलं? सुमन दारात येऊन उभी होती, तिनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, काही नाही, अळ्यांचं काहीतरी बरळतीये, शुद्ध नाही तिला. तू माझ्याकडं बघत होतीस. पूर्ण शुद्धीत होतीस. तू ऐकलंस ते. मी तुझ्या तोंडावर तुला वेडी ठरवलं आणि अकराची पेज करायला गेलो.

त्यानंतर दोन-एक दिवसांनी महेशचा फोन आला होता. मी मोबाईल तुझ्या कानाशी उशीवर ठेवला आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेलो. परत आलो तेव्हा फोन बंद झाला होता. आणि त्या दिवसापासून तू बदललीस. मी सिरिंज घेऊन आलो की तोंड फिरवायची नाहीस. उलट मान जरा सरळ करायचीस, मला सोपं जावं अशी. मी पंचा सोडला तरी हात नळीकडं नेला नाहीस. मी सुमनला म्हणालो, बघ, मानवलं तिला. मला वाटलं, जिंकलो. तुला उचकी लागायची, पोट फुगायचं, पेज उलटून नळीतून वर यायची, तरी मला वाटत होतं मी जिंकलोय.

अकराव्या दिवशी, एकचं दिलं, टिक केली. तीनच्या आधीच तू गेलीस. तीनची पेज गाळून तयार होती. माणसं बोलवायची, महेशला कळवायचं, हजार कामं होती आणि मी ओट्यापाशी ते पातेलं हातात घेऊन उभा. टाकवेना. मी उभ्या उभ्या पिऊन टाकली ती. अळणी होती, आक्का. मीठच नव्हतं त्यात. अकरा दिवस नळीतून जायचंय, चव कुणाला लागणार, म्हणून आम्ही कुणी मीठ घातलंच नाही आणि चाखलीही नाही. खर्ड्याशिवाय जिचा घास उतरायचा नाही तिला मी अकरा दिवस अळणी पाणी पाजलं. त्यावेळी जे रडू आलं ते सगळ्यांना वाटलं बहिणीसाठी. बहिणीसाठीच होतं, पण त्यातली गोम मला एकट्याला ठाऊक होती.

रक्षाविसर्जनाला हिरण्यकेशीच्या काठावर सगळा गाव जमला होता. पानावर तुझ्या आवडीचं सगळं मांडलं, भाकरी, खर्डा, भरलं वांगं. मला वाटत होतं कावळा शिवणार नाही. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होतो न शिवण्याची. माणसं थांबतील, विचारतील, काय राहिलं म्हातारीच्या मनात, आणि मग मला पुढं होऊन सांगावं लागेल. तेवढी तरी शिक्षा होईल. पण पान ठेवून आम्ही चार पावलं मागं येतोय तोवर दोन कावळे उतरले आणि तुटून पडले. सगळे म्हणाले, तृप्त गेली, भावानं शेवटपर्यंत उपाशी ठेवलं न्हाय. ती जिन्यातली बाईसुद्धा डोळे पुसत माझ्यापुढं हात जोडून गेली. मी सायन्सचा मास्तर, मला माहीत आहे कावळा भूक लागली म्हणून खातो. पण तिथं तोंड उघडायची हिंमत झाली नाही. शाबासकी घेतली आणि घरी आलो.

परवाच्या त्या तासानंतर मात्र राहवेना. काल रविवारी सकाळची एसटी धरून गडहिंग्लज गाठलं, तिथून पुढं गावात. महेश तुतीला पाणी पाजत होता. मला बघून चहा ठेवायला निघाला, मी त्याला बांधावर बसवलं. इकडतिकडचं काहीच बोललो नाही. म्हणालो, महेश, डॉक्टरांनी नळी सांगितली नव्हती, मी हट्टानं घातली. तुझ्या आईचा हात बांधला मी. आणि ती मला स्पष्ट म्हणाली होती की आता पाला टाकू नकोस, मला कळलं होतं, आणि मी कळलं नाही असं दाखवलं. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

त्याची मान तुझ्यासारखीच खाली. पाणी दुसऱ्या सरीत गेलं तरी तो उठला नाही. मग म्हणाला, "मला बी म्हणलती आई. फोनवर. सोसंना म्हणली. मी म्हणलं, आत्ता निघतो, मामाला सांगून नळी काढायला लावतो."

मी विचारलं, मग?

"मग म्हणली, नगं. काय बोलू नगंस त्येला. घालू दे. तेवढंच बरं वाटतंय त्येला."

आक्का, घालताना बरं वाटत नव्हतं गं. एकदाही वाटलं नाही. प्रत्येक वेळी सिरिंज दाबताना मी तुझ्या तोंडाकडं बघायचंच टाळत होतो, त्या भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होतो. तू एकदा विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. नाही, तू कशाला विचारायचं? मीच सांगायला पाहिजे होतं. तू माझ्यासाठी सोसत राहिलीस आणि मी लोकांसाठी घालत राहिलो, आणि त्या खोलीत आपल्या दोघांपैकी एकालाही ती पेज नको होती.